मोजडीफुलाचा हिवाळा

आंबिया बहाराचा संत्रा उतरू लागला की आमच्या सौंसरच्या रस्त्यावर एक हिरवा, झोंबरा वास पसरतो. फळाचा नव्हे, सालीचा. मंडीकडे जाणाऱ्या गाड्यांतून भाताचं तणीस उडत राहतं आणि दारात येऊन पडतं. सकाळी अंगण झाडताना खराट्यात त्या काड्या अडकतात, बोटं गारठलेली असतात, आणि मला माझी मोठी बहीण आठवते. प्रेमानंच आठवते असं मी म्हणणार नाही. आधी जुना, ओळखीचा हेवा जागा होतो. मग ताईचा चेहरा दिसतो, आणि तिच्या मागच्या अंगणातल्या भिंतीवरची कुंडी.

हेवा लांबच्या माणसाचा वाटत नाही. नागपूरच्या बंगल्यातल्या बाईकडे काय काय आहे म्हणून माझी झोप कधी उडाली नाही. हेवा वाटायला माणूस एकाच ताटात जेवलेलं लागतं. एका गोधडीत झोपलेलं, एका कंगव्यानं विंचरलेलं. त्याच्याकडे आपल्यापेक्षा चिमूटभर जास्त गेलेलं डोळ्यांना लगेच दिसतं.

आम्ही रामाकोन्याचे. बाबा नॅरोगेजच्या छोट्या लाईनवर गँगमन होते. विमलताई सगळ्यांत मोठी, मग मी, मग सुधाकर. विहारात वंदना ताई म्हणायची आणि बाकीचे सगळे तिच्या मागून म्हणायचे. मीही त्या बाकीच्यांत. तिचा आवाज खणखणीत होता. एकदा तिला ताप आला म्हणून मला पुढं उभं केलं, तर अर्ध्यात माझा सूर चिरकला, आणि मागं बसलेल्या बायांपैकी कुणीतरी म्हटलं, "विमल ते विमलच बापा!" हे वाक्य मी लहानपणभर ऐकलं. भाकरी चांगली फुगली तरी, गणितात मी पास झाले तरी, विमल ते विमलच.

पुढं ताईचं लग्न पांढुर्ण्याला रेल्वेतल्या माणसाशी झालं आणि माझं सौंसरच्या शाळेतल्या गुरुजींशी. ताई मोठ्या लाईनवर पडली, मी छोट्या लाईनवर. तिच्या क्वार्टरसमोरून रात्रंदिवस दिल्ली-मद्रासच्या गाड्या धडधडत जात. आमच्या सौंसरला छोटी गाडी यायची, जिला पाहून पोरं पळत पळत म्हणायची, "आमी पुढं जातो, तू ये मागून."

सुधाकर फौजेत गेला. एका साली तो मेघालयातल्या पहाडांतून सुट्टीवर आला तेव्हा आम्ही दोघी बहिणी माहेरी रामाकोन्यालाच होतो. त्यानं पेटी उघडली. वर कपडे, खाली गोणपाटाचं ओलं गाठोडं. गाठोड्यात शेवाळ, आणि शेवाळात एक रोप. हिरवी, पट्ट्यासारखी पानं, आणि बोटाएवढ्या जाड, केसाळ, तपकिरी मुळ्या. मला ते कांद्याच्या पातीसारखं दिसलं.

"हे काय आणलं बे?" मायनं विचारलं.

"ऑर्किड हाये. साहेबलोक याले स्लिपर ऑर्किड म्हंतेत. आमच्या चौकीजवळ एक बुढी राहाते, तिच्या घराच्या दगडाच्या भितीवर लागलं होतं. मले दिलं तिनं." त्यानं तळहात वाकडा करून फुलाचा आकार दाखवला. "समोर असं मोजडीसारखं पोट असते. एकदा फुललं का महिना महिना जात नाई. ताईसाठी आणलं."

ताईसाठी. हे दोन शब्द त्यानं अगदी सहज म्हटले.

"अन् शालूले?" माय म्हणाली.

सुधाकर गडबडला. "तिच्यासाठी शाल आणली न. लोकरीची हाये."

शाल चांगली होती. मरून रंगाची, काठाला बारीक वेल. थोड्या वेळापूर्वी ती मला दाखवली असती तर मी हरखून गेले असते. पण त्या क्षणी मला ते कांद्याच्या पातीसारखं रोप हवं झालं. इतकं हवं झालं की डोळ्यांत पाणी आलं. मायनं माझं तोंड पाहिलं. लेकरांची तोंडं ओळखण्यात तिची हयात गेली होती.

"दोघीले अर्धं अर्धं करून दे," ती म्हणाली. "एकाच पोटच्या हायेत. कायले कोनाचं तोंड वाकडं ठेवतं?"

मग सुधाकरनं अंगणात बादलीत मुळ्या धुतल्या. चाकू लावला नाही. बोटांनीच हळूहळू गुंता सोडवत गेला आणि गड्डा आपसूक दोन ठिकाणी सुटला. ताई माझ्या शेजारी बसून पाहत होती. तिचं आख्खं रोप होतं त्याचं अर्धं झालं होतं, आणि मला मात्र वाटत होतं की पानांचा एक झुबका तिच्याकडेच जास्त गेला.

"माती नोका घालू," सुधाकर सांगत होता. "मातीत मुळ्या सडतेत. फुटके कवेलू, कोळसा, नारळाच्या शेंड्या, अशानं कुंडी भरा. बोअरिंगचं खारं पानी नोका देऊ, पावसाचं धरून ठेवा. ऊन लागू देऊ नोका."

थंडीचं मात्र त्यानं सांगितलं नाही. त्याच्या पहाडात थंडी असतेच, तिचं वेगळं काय सांगायचं?

मी त्या रोपाचं जे केलं ते पोटच्या लेकराचंही केलं नसेल. कुंभाराच्या आव्यावरून फुटके कवेलू, म्हणजे छपराची कौलं, आणून बारीक ठेचले. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ड्रम लावून पाणी धरलं आणि त्यात कुणाला हात बुडवू दिला नाही. उन्हाळ्यात, पंखासुद्धा गरम वारा फेकायचा त्या दिवसांत, कुंडी घडवंचीखाली ओल्या वाळूत ठेवली, माठाचं झिरपलेलं पाणी तिच्यावर थेंब थेंब पडावं म्हणून. गुरुजी हसायचे. "आपल्याले एवढी थंडाई भेटली असती त आपुनबी फुललो असतो," म्हणायचे. आणि हिवाळा आला की मी ती कुंडी आत घ्यायची, स्वयंपाकाच्या खोलीत, चुलीपासून हातभर अंतरावरच्या फळीवर. रात्री वरून पोतं टाकायची. मला वाटायचं, पहाडातून आलेलं लेकरू आहे, परक्या मुलखात त्याला ऊब द्यावी.

पानं तरारली. नवी कोंबं आली. फूल आलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात ताईकडेही आलं नाही, म्हणून मी निवांत होते. दुसऱ्या हिवाळ्यात माय पांढुर्ण्याला राहून परत येताना माझ्याकडे उतरली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलू लागली.

"काय वं फूल हाये बापा विमलकडं! चकचकीत, तेल लावल्यावानी. बाया पाहाले येऊन राहिल्या. स्टेशनमास्तरची बायको येऊन गेली. तुयं नाई फुललं का?"

"नाई."

"विमलचा हातच तसा हाये," माय म्हणाली आणि चहा मागितला.

मी चहा केला. साखर घालायची विसरले. मायनं तो तसाच प्यायला. तिच्या लक्षातही आलं नाही. ती अजून फुलातच होती.

पुढच्या रविवारी मी बसनं पांढुर्ण्याला गेले. निमित्त काढलं तिळाच्या लाडवांचं. ताईनं मला हात धरून मागच्या अंगणात नेलं. नळाजवळ टिनाच्या छपराखाली विटांची कमरेएवढी भिंत होती, तिच्यावर कुंडी. आणि त्या कांद्याच्या पातीतून एक लवदार, जांभळट दांडा वर आलेला, त्याच्या टोकाला ते.

मी आजवर पुष्कळ फुलं पाहिली आहेत. पण ते फूल आपल्याकडे पाहतं असं वाटलं. वरती पांढरी पाकळी पंख्यासारखी उभी, तिच्यावर तपकिरी ठिपके. दोन बाजूंना दोन नागमोडी पाकळ्या, मिशांसारख्या. आणि मधोमध पुढं आलेलं ते मोजडीचं पोट, मधाच्या रंगाचं, व्हार्निश मारल्यासारखं लकाकणारं. वास काही नाही. वासाची त्याला गरजच नव्हती.

"कसं हाये?" ताईनं विचारलं.

"पान जराक बारीक वाटून राहिलं," मी म्हणाले.

ताई हसली. तिला ते लागलंच नाही. जिच्याकडे असतं तिला लागत नाही, हेही मी तिथंच शिकले. तिनं लाडू खाल्ले, चांगले झाले म्हणाली, जाताना मला कोथिंबीर बांधून दिली. बसमध्ये माझ्या मांडीवर ती कोथिंबीर होती आणि मी खिडकीबाहेर पाहत मनाशी म्हणत होते, एकाच गड्ड्याचे दोन तुकडे. तेच कवेलू, तेच पाणी. मग माझ्यात काय कमी आहे?

आता वाटतं, मला फूल नकोच होतं. मला बाया येऊन पाहून जातात ती गर्दी हवी होती. मागून वंदना म्हणणाऱ्याला पुढं उभं राहायचं होतं.

आणि मग तो हिवाळा आला, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

त्या साली संत्रा रगड झाला होता. पांढुर्ण्याच्या मालधक्क्यावर पेट्यांचे ढीग लागले होते आणि ताईच्या क्वार्टरपर्यंत सालीचा वास येत होता. ताईच्या पोटाचं दुखणं बरेच दिवस चाललं होतं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढावी लागते. ताईला दोन मुलं होती, दोघं शाळेत जाणारी. "दुसरं कोणाले बलावू?" भाऊजींनी निरोप धाडला. मी माझी पोरं सासूबाईंच्या हवाली केली आणि गेले.

ताईचं फूल त्या वर्षीही उमललेलं होतं, आदल्या वर्षीपेक्षा मोठं. स्टेशनावर निघताना ती रिक्षात बसली. चेहरा पिवळा पडलेला. मी म्हटलं, "पोट्ट्यायची काळजी नको करू."

"पोट्टे जेवतीन आपलं आपलं," ती म्हणाली. "त्याले पायजो. पानी पानावर नोको पडू देऊ. अन् जागेवरून हालवजो नोको."

दवाखान्यात जाणारी बाई, आणि शेवटचं बोलणं कुंडीचं. माझ्या मनात आलं, हिला भीती वाटत नाही का? की ही भीतीपोटीच ते बोलते आहे? मी हो म्हटलं.

मुलं शाळेत आणि भाऊजी नागपूरला असले की घरात मी आणि ते फूल, दोघंच. काम आवरलं की मी मागच्या अंगणात बाज टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसायची, त्याच्याकडे पाहत. क्वार्टरातल्या बाया यायच्या. एकदा कुणाची तरी पाहुणी आली, मला ओळखत नव्हती. "तुमचं हाये का हे? लय सुंदर!" म्हणाली. मी नाही म्हटलं नाही. हसले नुसती. ती गेल्यावर मी त्या मोजडीच्या पोटावरून बोट फिरवलं. गार, गुळगुळीत, आतून पोकळ. दांडा काडीएवढा. मनात आलं, एवढ्याशा दांड्यावर एवढा मान तोललेला आहे. दोन बोटांनी चिमटलं तर... आणि मी हात झटकन मागं घेतला, चुलीवरचं भांडं धरावं तसा. आत जाऊन हात धुतले. काही केलं नव्हतं, तरी धुतले.

वानर आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मालधक्क्यावरच्या संत्र्यांच्या वासानं बागांकडून आलं असणार. मी नळावर कपडे पिळत होते. टिनावर धबकन आवाज झाला. वर पाहते तो काळ्या तोंडाचा मोठा हुप्प्या, शेपूट खाली लोंबलेली. मी "हाड्, हाड्" केलं, ओला टॉवेल फेकला. तो भिंतीवर उतरला, माझ्याकडे दात विचकले, एका हातानं दांडा धरला आणि मुळा उपटावा तसा फुलासकट ओढून काढला. मोजडी तोंडात घातली. चावली. बहुतेक कडू लागली; तोंड वाकडं करून थुंकली, उरलेलं फेकलं, आणि टिनावरून उड्या मारत निघून गेला. एवढंच. पापणी लवेपर्यंत झालं.

मी खाली पडलेलं फूल उचललं. पांढरी पाकळी शाबूत होती. मोजडी चुरगळलेली, दातांच्या खुणा असलेली. मी ते फुलपात्रात पाणी घालून ठेवलं, जणू पाण्यानं ते सांधणार होतं. मला रडू आलं, आणि रडता रडता लक्षात आलं की आतून कुठूनतरी एक हलकं हलकं वाटतं आहे. कमरेवरची घागर कुणी उतरवून घ्यावी तसं. त्या हलकेपणाचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

संध्याकाळी मी शेजारच्या लीलाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वांदर? क्वार्टराइत? मी त कधी पायलं नाई बापा इतके वर्षं राहून." आणि माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की मी पुढं काही सांगितलंच नाही.

ताई परत आली तेव्हा पोटावर हात दाबून, पाय घासत चालत होती. मी धरायला गेले तर मला बाजूला सारून ती सरळ मागच्या अंगणात गेली. भिंतीपाशी उभी राहिली.

"फूल?"

"वांदरानं तोडलं, ताई."

"वांदरानं."

"हो. टिनावरून आलं. मी टॉवेल फेकला, हाड् हाड् केलं, पण..." मी जितकं सांगत गेले तितकं ते खोटं वाटत गेलं. माझं मलाच. टॉवेल, टिन, शेपूट, सगळं रचून सांगितल्यासारखं.

"बरं," ताई म्हणाली.

ती भांडली असती तर मी भांडले असते. ती आत जाऊन खाटेवर पडली, भिंतीकडे तोंड करून. बऱ्याच वेळानं, मी पाणी द्यायला गेले तेव्हा, भिंतीकडेच पाहत म्हणाली, "मायी पिशवी डॉक्टरनं काढली, अन् त्याची वांदरानं. दोघीबी एकाच टायमाले रिकाम्या झालो, पाय."

मी ग्लास खाली ठेवला आणि बाहेर आले.

ताई हिंडूफिरू लागेपर्यंत मी तिथंच राहिले. पातळ वरणभात केला, अंग पुसून दिलं, वेणी घातली. ती जेवायची, बोलायची नाही. लीलाबाई येऊन बसायच्या आणि मी खोलीत आले की गप्प व्हायच्या. मला आतून ओरडावंसं वाटायचं. चोरी मनात केली होती, हातानं नाही. मनातल्या चोरीला एवढी शिक्षा? एखाद्या रात्री वाटायचं, मग तोडूनच टाकायला हवं होतं. निदान दोन बोटांत ते तुटल्याचं समाधान तरी मिळालं असतं. ते वानर खाऊन गेलं आणि नाव माझं लागलं.

निघताना मी पाया पडले. ताईनं हातात चोळीचा खण ठेवला, रीत म्हणून. दारापर्यंत आली नाही.

सौंसरला आले तेव्हा माझी कुंडी चुलीजवळच्या फळीवर होती, पोत्याखाली, सासूबाईंनी इमानानं सांभाळलेली. तिची ती हिरवीगार, निगुतीनं वाढलेली, वांझोटी पानं पाहून मला सहन झालं नाही. मी कुंडी उचलली आणि मागच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीवर नेऊन ठेवली, उघड्यावर. मर तिकडं, म्हटलं. नंतर न्हाणीतलं पाणी उडायचं तेवढं तिला मिळायचं, पाऊस पडायचा तेवढा मिळायचा. उन्हाळ्यात चिंचेची सावली होती म्हणून वाचली. त्या वर्षभरात मी तिच्याकडे धड पाहिलं नाही. आम्ही बहिणीही बोललो नाही. माय एकीकडून दुसरीकडे जायची, आणि दोघींना दोघींचं चांगलंच सांगायची, खोटं खोटं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी गुरुजी न्हाणीतून ओल्या अंगानं ओरडले, "अवं, इकडं ये! हे काय निंगालं पाय यातून!"

पानांच्या बेचक्यातून एक लवदार कोंब वर आला होता, टोकाला मिटलेल्या चोचीसारखी कळी. दहिवर पडून ओली झालेली. मी तिथं गारठ्यात किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही.

सुधाकर त्या वेळी सुट्टीवर आला होता. त्याला नवल वाटलं नाही. "थंडी लागली असन न त्याले यंदा," तो म्हणाला. "आमच्याकडं पहाडात रात्री हातपाय काकडतेत, तवा हे कळी धरते. तू काय घरात कोंडून ठेवत होती का आधी?"

"चुलीजवळ."

"चुलीजवळ!" तो हसत सुटला. "अन् तिकडं ताईबी आता खोलीत घेऊन बसली. मी म्हटलं, बाहेर ठेव, त म्हंते, बाहेर कोण कवा तोडन भरोसा नाई."

म्हणजे ताईचं त्या वर्षी फुललं नव्हतं. मी हे ऐकलं आणि माझ्या मनात काय झालं ते लिहिते: मला आनंद झाला. भरभरून झाला. कळी उमलून मोजडी बाहेर आली त्या दिवशी झाला त्यापेक्षाही जास्त.

मायच्या पोटात गोष्ट राहणं शक्य नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला ताई आली. आधी सांगितलं नाही, निरोप नाही, बसमधून उतरली आणि चालत घरी आली, वर्षभरानं. वाळली होती. केसांत पांढरं दिसत होतं. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "कुठी हाये?"

मी तिला न्हाणीच्या मागं नेलं. ती फुलासमोर उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, फुलाकडे नाही. तिचे ओठ आवळले गेले. नाकपुड्या किंचित फुलल्या. मग ती म्हणाली, "कुंडी लहान पडून राहिली याले."

मी ते ओळखलं. आवाज तिचा होता, पण बोलणं माझं होतं, माझ्या घशातून इतकी वर्षं गेलेलं. माझी मोठी बहीण, 'विमल ते विमलच', ती माझा हेवा करत होती. तोवर माझी कीव केलेली माणसं मला माहीत होती, लाड केलेली माहीत होती. हेवा कुणी केला नव्हता. मला तिथल्या तिथं तिला मिठी मारावीशी वाटली, आणि मारली नाही.

दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा घेऊन बसलो. मग ताई खाली पाहत म्हणाली, "मायं नाई फुललं यंदा. खोलीत पानंच वाढून राहिले."

"माहीत हाये. सुधाकर म्हने."

"मले वाटलं होतं, तूच तोडलं."

"माहीत हाये."

"तुया जागी मी असती न शालू, त मी तोडलं असतं." तिनं शेंग फोडली. "अर्धं रोप तुले दिलं तवापासून माया मनात होतंच. मायं आख्खं होतं थे. माय म्हने, दोघीले दे. मी काई बोलली नाई. पण तुयं फुलू नये, असं लय वाटत होतं मले."

तुरीचे दाणे सुपात टपटप पडत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की जळते ती मीच, आणि ती वर उजेडात उभी आहे.

"वांदरच होतं, ताई," मी म्हणाले.

"असू दे न वांदर," ती म्हणाली. त्यात विश्वास होता का, मला आजही सांगता येणार नाही. पण ती माझ्याकडे पाहून म्हणाली, भिंतीकडे पाहून नाही.

एवढ्यात पलीकडच्या पोस्टमास्तरीणबाई आल्या, दोन नव्या बायांना घेऊन. त्या दिवसांत रोजच कुणी ना कुणी यायचं. बाया मागं जाऊन पाहून आल्या, हातवारे करत, हरखून. पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "शालूताई, तुमचा हात लय चांगला बापा. असं फूल साऱ्या सौंसरात कोणाकडं नाई."

ताईची बोटं शेंगेवर थांबली.

"मायाकडंबी हाये," ती एकदम म्हणाली. "पांढुर्ण्याले. यंदाबी फुललं. याहून मोठं हाये."

बायांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताईनं मान वर केली नाही. माझ्या जिभेवर चार शब्द होते, खरे, साधे. जन्मभर ज्या क्षणाची मी वाट पाहिली होती तो आपल्या पायानं चालत माझ्या अंगणात आला होता, साक्षीदारांसकट.

"हो न," मी म्हणाले. "मी पाहून आली न. याहून टपोरं हाये. दोन फुलं लागले तिच्याकडं."

"अगं बाई, दोन!" पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या.

ताईनं हळूच वर पाहिलं. माझ्याकडे पाहतच राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं होतं.

"दोन कायचे वं," ती म्हणाली. "एकच हाये."